रडत नाही म्हणून गुणी? लळा अडलेली मुलं ओळखताना आणि सावरताना

जूनचा दुसरा आठवडा. सिंहगड रस्त्यावरच्या एका बालवाडीच्या फाटकाशी रडारड चालू होती. कुणी आईच्या ओढणीला लोंबकळत होतं, कुणी स्कूटरवरून उतरायलाच तयार नव्हतं, एकाने तर डबाच भिरकावला होता. त्या गोंधळात साडेतीन वर्षांची एक मुलगी बाबांचं बोट सोडून सरळ आत आली, दाराशी उभ्या असलेल्या मावशींचा हात धरला आणि मागे वळूनही पाहिलं नाही. "बघा, किती गुणी पोर आहे," ताई म्हणाल्या. मीही मान डोलावली.

तिसऱ्या आठवड्यात ती घसरगुंडीवरून पडली. गुडघा चांगलाच फुटला. ती रडली नाही, कुणाकडे गेली नाही. भिंतीच्या आडोशाला जाऊन बसली आणि फ्रॉकच्या टोकाने रक्त दाबून धरलं, एखादं मोठं माणूस धरेल तसं. फाटकाशी आपण भलतंच पाहत होतो, हे मला तेव्हा कळलं.

अडीच वर्षांची होईपर्यंत ती संस्थेत होती. आई-बाबांनी तिला दत्तक घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

मी पुण्यातल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. अशा मुलांचे आई-वडील, आजी-आजोबा आणि बालवाडीच्या ताई मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढते आहे. दुखलं-खुपलं की मूल कुणाकडे धावतं, इथून सुरुवात करायची.

लळा कसा लागतो

तान्हं बाळ भुकेने रडतं, कुणीतरी येतं, उचलतं, पाजतं, बाळ निवतं. पहिल्या वर्षात हा फेरा हजारो वेळा होतो आणि त्यातून बाळाच्या अंगी मुरतं की आपण हाक दिली की माणूस येतं. सातव्या-आठव्या महिन्याच्या आसपास बाळ ओळख धरतं, परक्याने कडेवर घेतलं की भोकाड पसरतं. शेजारच्या काकू हिरमुसतात, पण बाळासाठी ती फार चांगली खूण असते. आपलं माणूस कोण, हे त्याने ठरवलेलं असतं.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईवडिलांपासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला, तिथून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये घरोघरी बसून आई-बाळांचं निरीक्षण केलं. त्यांचा एक प्रयोग आपल्या फार कामाचा आहे. साधारण वर्ष-दीड वर्षाचं मूल आईबरोबर अनोळखी खोलीत खेळतंय. आई काही मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. आपल्याला वाटेल, आई गेल्यावर मूल किती रडतं हे बघायचं असेल. खरी गंमत आई परतल्यावर आहे. काही मुलं धावत येऊन बिलगतात आणि थोड्या वेळात पुन्हा खेळायला लागतात. काही आईला चिकटतातही आणि ढकलतातही, निवतच नाहीत. काही तर आई आलीच नाही असं दाखवून खेळणं हलवत बसतात. ही शेवटची मुलं वरून शांत दिसली तरी त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले असतात, असं पुढे मोजमापातून दिसलं. आणखी काही मुलं अशी की ज्यांना काय करावं तेच सुचत नाही. आईकडे निघतात आणि मध्येच थिजतात, किंवा पाठमोरी होऊन जवळ येतात. घरातलं मायेचं माणूसच भीतीचंही कारण असेल तर असं व्हायची शक्यता जास्त.

एक गैरसमज आत्ताच काढून टाकू. लळा फक्त आईचाच लागतो, असं नाही. आपल्याकडे किती तरी मुलं आजीच्या, आत्याच्या, मोठ्या बहिणीच्या अंगाखांद्यावर वाढतात आणि छान वाढतात. माणूस कोणतं, याला तितकं महत्त्व नाही. तेच माणूस पुन्हा पुन्हा येणं महत्त्वाचं.

कुठल्या मुलांकडे जरा जास्त लक्ष द्यावं

संस्थेतून आलेली मुलं, आई किंवा वडील गमावलेली मुलं, जन्मल्यावर कित्येक आठवडे काचेच्या पेटीत राहिलेली मुलं, मारहाण किंवा दारू असलेल्या घरातली मुलं, ही यादी बहुतेकांना सुचते. बाळंतपणानंतर आईला आलेलं नैराश्य कुणी ओळखलंच नाही, अशी घरंही त्यात धरा. बांधकामाच्या साइटवर दर काही महिन्यांनी मुक्काम हलवणाऱ्या कुटुंबांतली आणि ऊसतोडीच्या हंगामात गावी मागे राहणारी मुलंही धरा. दर दोन महिन्यांनी सांभाळणारी बाई बदलते, अशा सुखवस्तू घरातली मुलंसुद्धा.

पण पुण्यात मला वारंवार दिसणारा एक प्रकार कुणाच्याच यादीत नसतो. आई-बाबा हिंजवडीत नोकरीला. बाळ सहा महिन्यांचं असताना लातूरला किंवा सांगलीला आजीकडे ठेवलं. महिन्यातून एकदा भेट. मूल साडेतीन वर्षांचं झालं की "आता शाळा" म्हणून मे महिन्यात उचलून पुण्याला आणलं. सगळ्यांच्या मते मूल 'आपल्या घरी' आलं. मुलाच्या हिशोबाने मात्र त्याची आई गेली, कारण त्याची आई आजी होती. जूनमध्ये नवीन शाळा, नवी भाषा, नवा फ्लॅट. मग ते चावायला लागलं की तक्रार येते, "गावाकडे लाडावून ठेवलंय."

पहिली पायरी: दोन आठवडे वही लिहा

लगेच कुणाकडे धावू नका. एक साधी वही घ्या आणि रोज चार-पाच ओळी लिहा. मत लिहायचं नाही, पाहिलेलं लिहायचं. "आज फार हट्टीपणा केला" असं नको. "दूध सांडलं, मी 'अरे' म्हटलं, तो टेबलाखाली गेला, वीस मिनिटं बाहेर आला नाही" असं हवं.

वहीत काय पकडायचं? सगळ्यात आधी दुखणं. मूल पडलं, ताप आला, कुत्रा भुंकला, लाइट गेली. अशा वेळी ते कुणाकडे जातं? कुणाकडेच नाही, की समोर दिसेल त्याच्याकडे? जवळ घेतलं की अंग सैल सोडतं की लाकडासारखं ताठ होतं?

मग भेटीची वेळ. शाळा सुटताना फाटकाशी पाच मिनिटं उभं राहून पाहण्यासारखी दुसरी तपासणी नाही, आणि तिला पैसेही पडत नाहीत. आपलं माणूस दिसल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर काय होतं? उजळतो? बघून न बघितल्यासारखं करतं? पळत येऊन आधी एक फटका देतं? शेवटचं पाहून घाबरू नका, दिवसभर दाबून ठेवलेलं बऱ्याच मुलांचं तिथे फुटतं. रोज तेच होतंय का, ते बघायचं.

खाणंही लिहा. उशीखाली पोळीचे तुकडे, दप्तरात कुजलेलं केळं, पोट टम्म फुगेपर्यंत जेवणं. मग झोप, परक्यांशी वागणं, आणि घरातली सूत्रं आपल्याच हातात ठेवायचा अट्टहास. ज्या मुलाचा मोठ्यांवर भरवसा नाही ते कारभार स्वतः चालवू बघतं. पंखा किती वर ठेवायचा, आजोबांनी कुठे बसायचं, भाजीला काय, सगळं.

'कोडगा' हा शब्द वहीत आला तर त्याखाली रेघ मारा. "कितीही बोला, काही वाटतच नाही त्याला, कोडगा झालाय" हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमधल्या रुग्णालयांत आई-वडिलांशिवाय ठेवलेली लहान मुलं पाहिली होती. मुलं आधी आकांत करत, मग खचून गप्प होत आणि शेवटी कुणाशीही हसूनखेळून वागत. तेव्हा परिचारिका म्हणत, "आता रुळलं." रॉबर्टसन यांना दिसलं की मुलाने आशा सोडली आहे. कोडगेपण बऱ्याचदा असं असतं.

दुसरी पायरी: बाकीची कारणं आधी तपासा

हे थोडक्यात उरकते, पण टाळू नका. हाक मारल्यावर न बघणाऱ्या मुलाचे आधी कान तपासा. बालरोगतज्ज्ञांकडून रक्त, वजन, उंची, नजर बघून घ्या. स्वमग्नतेची काही लक्षणं वरवर अशीच दिसतात, पण त्यात तेच तेच हातवारे, ठरावीक गोष्टींचाच ध्यास, भाषेची वेगळी घडण असते, आणि घर कितीही मायेचं असलं तरी ती असते. अतिचंचलता, शिकण्यातली अडचण, नुकतंच घरात झालेलं मरण, बाहेर कुणी केलेली छेडछाड, यातलं काहीही असू शकतं. काही मुलं मुळातच बुजरी असतात, त्यांना काहीही झालेलं नसतं.

हल्ली पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'अटॅचमेंट इश्यू' हा शब्द लिमलेटच्या गोळ्यांसारखा वाटला जातो. आई ऑफिसला निघाली म्हणून दोन वर्षांचं मूल रडलं, तर ते अगदी ठणठणीत आहे. लळा थोडा डळमळीत असणं वेगळं आणि आजार वेगळा. मानसिक आजारांच्या २०१३ च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत असे दोन आजार स्वतंत्र केले गेले. एकात मूल त्रासात असूनही कुणाचाच आधार घेत नाही, दुसऱ्यात ते कुठल्याही परक्याच्या गळ्यात पडतं. दोन्हींसाठी लहानपणी घोर आबाळ झालेली असणं ही अटच आहे. आणि अशी आबाळ झालेल्या मुलांमध्येही पहिला प्रकार दहा टक्क्यांहून कमी मुलांत आढळतो. तेव्हा शिक्का मारायचं काम तज्ज्ञांवर सोडा. पुढच्या पायऱ्या मात्र शिक्का नसतानाही कामाच्या आहेत.

तिसरी पायरी: माणसं कमी करा, दिवस एकसारखा करा

मूल नव्याने घरी आलं असेल तर पहिले काही आठवडे भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं आणि लागलं-खुपलं तर बघणं, हे सगळं एका किंवा फार तर दोनच माणसांनी करायचं. ऐकायला सोपं, आपल्या घरांत सगळ्यात अवघड. दत्तक मूल आलं की आठवड्याभरात कार्यालय घेऊन बारसं, तीनशे पाहुणे, प्रत्येकाच्या कडेवर एक फोटो. हौस समजते मला. पण ते तीन-चार महिने पुढे ढकला.

कोथरूडच्या एका घरात हे बोलणं माझ्यासमोरच झालं. सून म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं. सध्या त्याला भरवायचं काम फक्त मी आणि हा करणार आहोत."

"म्हणजे मी आजी नाही का त्याची?"

"आहात ना. पण त्याला अजून आई म्हणजे काय तेच कळलेलं नाही. ते कळलं की आजी कळेल."

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज. मग आतूनच म्हणाल्या, "खिमट मी करते. भरव तू." पुढे तीन महिने त्यांनी खिमट, मऊ भात, नाचणीची आंबील सगळं केलं आणि वाटी सुनेच्या हातात दिली. हे किती अवघड आहे, ते आजी झालेल्या बाईलाच कळेल. पाहुण्यांसाठीही तोच नियम ठेवा: खाऊ आणा, पण आमच्या हातात द्या.

दिवसाचा तक्ता करा, चित्रांचा. उठणं, दात, दूध, आंघोळ, शाळा, जेवण, झोप, बाग, दिवेलागण, जेवण, गोष्ट, झोप. फ्रिजवर लावा आणि झालेल्या गोष्टीवर मुलालाच टिकली चिकटवू द्या. बदल होणार असेल तर आदल्या संध्याकाळी सांगा. गणपतीत घरासमोर ढोल वाजणार, हे आठ दिवस आधी सांगा, लांबून ऐकवा, कान झाकायला शिकवा.

आणि आपल्या जुन्या चालीरीती वापरा, त्या फुकट गेलेल्या नाहीत. आंघोळीआधी तेल चोळणं, वेणी घालणं, पावडर-तीट, चिऊ-काऊचे घास, बोटांचे खेळ. यात स्पर्श आहे, नजरेला नजर आहे, ताल आहे, आणि ते रोज त्याच क्रमाने होतं. ताठ होणाऱ्या मुलाला एकदम मिठीत घेऊ नका. तळहाताला किंवा पायाला तेल लावण्यापासून सुरुवात करा, "लावू का?" विचारून. नको म्हणालं तर नको. सहा वर्षांची मुलगी बाटलीने दूध मागते, मांडीवर झोपवा म्हणते, बोबडं बोलते. हे तिला मिळालेलंच नव्हतं, आता मागते आहे. दोन महिने द्या. "एवढी मोठी घोडी" हे शब्द तेवढे गिळा.

खाणं साठवणाऱ्या मुलाला स्वतःचा एक डबा द्या. त्यात फुटाणे, शेंगदाण्याचा लाडू, खजूर. डबा त्याच्या हाताला येईल अशा जागी, कुलूप नाही, आणि संपला की न बोलता भरायचा. एका घरात पहिल्या महिन्यात तो दिवसातून चार वेळा भरावा लागत होता. सातव्या महिन्यात आईला त्यात बुरशी आलेला लाडू सापडला. मूल डबा विसरलं होतं. इतकी आनंदाची बुरशी मी दुसरी पाहिलेली नाही.

चौथी पायरी: भडका उडतो तेव्हा

सगळ्यात आधी, जिभेवर आलेली काही वाक्यं कायमची बंद करा. "असं केलंस तर परत पाठवीन." "बुवा घेऊन जाईल." "पोलिसांना बोलवू का?" आणि ती आपली पिढीजात थट्टा, "तुला बोहारणीकडून भांड्यावर घेतलंय." इतर मुलं हसतात. ज्याला खरोखर कुणी तरी सोडलं आहे त्याला ती थट्टा वाटत नाही.

दुसरं, कोपऱ्यात उभं करणं, खोलीत कोंडणं, अबोला धरणं थांबवा. या मुलाला एकटं पडायची भीती आहे आणि आपण शिक्षा म्हणून नेमकं तेच देतो. उलट जवळ बसा, हाताच्या अंतरावर, त्याच्यापेक्षा खाली. कमी बोला. "तू फार चिडला आहेस. मी इथेच आहे. मारू देणार नाही, पण जाणारही नाही." एवढंच, सपाट आवाजात, हवं तर दहा वेळा. समजावणं, तात्पर्य, "कळलं का?" हे भडका विझल्यानंतर, जमलं तर दुसऱ्या दिवशी.

म्हणजे मोकळं रान द्यायचं का? नाही. पेला फोडला तर काचा तुम्ही उचला, फरशी दोघांनी मिळून पुसा. पाकिटातून पैसे गेले आणि तुम्हाला ठाऊक आहे कुणी घेतले, तर "कुणी घेतले?" हे नाटक नको. त्याने खोटं बोलावं अशी व्यवस्थाच असते ती. "तू पन्नास रुपये घेतलेस, मला माहीत आहे. ते परत कसे करायचे ते रात्री जेवणानंतर ठरवू." नियम तोच, नातं पणाला न लावता.

तुमचाही तोल जाणार. जाऊ द्या, पण परत येणं तुमच्याकडून होऊ द्या. "मघाशी मी ओरडले. चुकलं माझं. तुझ्यावरची माया गेली नव्हती." भांडण झालं तरी माणूस टिकतं, याचा या मुलांना अनुभवच नसतो. तो घरातच द्यावा लागतो.

पाचवी पायरी: निरोप आणि परतणं

मूल खेळात रमलं की डोळा चुकवून सटकायचं, ही आपली सार्वत्रिक पद्धत. रडं वाचतं खरं. पण मूल शिकतं की खेळात रमलं की माणूस नाहीसं होतं, मग ते रमायलाच तयार नसतं. सांगून जा. "पाच वाजता येईन" असं नाही, त्याला घड्याळ कुठे कळतं? "वरण-भात, मग झोप, मग दूध, मग मी." आणि त्याच क्रमाने या. उशीर होणार असेल तर फोन करून कळवा. हिंजवडीच्या ट्रॅफिकचा भरवसा कुणी द्यावा, म्हणून वेळ सांगताना मुळातच अर्धा तास पुढची धरा. तुमच्या वासाची जुनी ओढणी किंवा रुमाल दप्तरात असू द्या.

आजीकडून मूल आणायचं असेल तर आजीलाही आणा. दोन महिने तिघं एकत्र राहा आणि न्हाऊ-माखू हळूहळू आपल्या हाती घ्या. आजी परत जाताना मुलासमोर निरोप घेऊन जाऊ दे, दोघांनाही रडू दे. मग ठरलेल्या वेळी रोज फोन. घर आणि शाळा एकाच महिन्यात बदलू नका.

सहावी पायरी: शाळेशी बोला

सगळं सांगायची गरज नाही. दत्तक, मृत्यू, कोर्टकज्जे यातलं किती सांगायचं ते तुमच्या हातात आहे. ताईंना इतकं पुरे: "हा घाबरला की चिडतो किंवा गप्प होतो. एका ठरावीक माणसाजवळ लवकर शांत होतो. ते माणूस तुम्ही व्हाल का?"

ताईंसाठी माझ्या काही विनंत्या. सकाळी फाटकाशी त्याच्या नावाने स्वागत करा. वर्गाबाहेर उभं करू नका, हवं तर तुमच्या टेबलापाशी बसवा. सगळ्यांसमोर भरभरून कौतुक केलं तर ही मुलं कधी कधी पुढच्याच मिनिटाला चित्र फाडून टाकतात. जाता जाता कानाजवळ "छान झालंय" पुरतं. तुम्ही रजेवर जाणार असाल तर आदल्या दिवशी सांगा आणि आल्यावर "तुझी आठवण आली होती" म्हणा. दिवाळीच्या सुट्टीआधीचा आणि शाळा उघडल्यानंतरचा आठवडा अवघड जाणार, हे गृहीत धरा.

आणि 'माझी आई' हा निबंध, वंशवृक्ष, 'तान्हेपणीचा फोटो आणा'. ज्याच्याकडे तो फोटोच नाही त्याने काय आणायचं? 'माझ्या घरातलं एक माणूस' असा विषय द्या. भाषेच्या गुणांत काही फरक पडत नाही.

परक्याच्या गळ्यात पडणारं मूल

याच्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण याचं सगळे कौतुक करतात. "किती माणसाळलेलं आहे!" पाच वर्षांचा एक मुलगा सारसबागेत आई-बाबांच्या नजरेआड झाला. सापडला तेव्हा एका अनोळखी कुटुंबाच्या सतरंजीवर बसून त्यांच्या कागदातली भेळ खात होता आणि त्या बाईंना "आई" म्हणत होता. आई-बाबा दिसले तर हसला, पुन्हा भेळेकडे वळला.

रागावून उपयोग नाही. सराव लागतो. घरी कागदावर तीन गोल काढा: मांडीवर कुणाच्या बसायचं, हात कुणाचा धरायचा, नमस्कार कुणाला करायचा. आतल्या गोलात दोन-तीनच चेहरे. "आधी मला विचार" हे एकच वाक्य पाठ करून घ्या, आणि त्याने विचारलं की दर वेळी शाबासकी. तुळशीबागेसारख्या गर्दीत हात धरूनच. पाहुण्यांनाही सांगून ठेवा की तो मांडीवर आला तर हसून त्याला आमच्याकडे वळवा. असं मूल गैरफायदा घेणाऱ्याच्या हाती सहज लागतं, म्हणून या बाबतीत भीड धरू नका. तसा संशय जरी आला तरी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कोणत्याही वेळी फोन करता येतो.

मदत कुठे आणि कोणाची घ्यावी

मूल स्वतःला इजा करतं, प्राण्यांना किंवा धाकट्या भावंडाला मुद्दाम दुखावतं, वजन घटतंय, बोलायचं बंद झालं, किंवा वहीतलं चित्र दोन-तीन महिन्यांत हललंच नाही, तर थांबू नका. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात बालविकास केंद्र आहे, ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. दत्तक घेतलं असेल तर ज्या संस्थेमार्फत घेतलं तिच्याकडे हक्काने जा. पुण्यात ससूनच्या आवारातलं सोफोशचं 'श्रीवत्स' किंवा भारतीय समाज सेवा केंद्र या कामात अनेक वर्षं आहेत. दत्तकानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट नियमातच आहे. पालक त्या दिवशी घर आवरून, मुलाला नवे कपडे घालून "सगळं छान आहे" म्हणतात. कृपा करून तसं म्हणू नका, भेटीला येणाऱ्या ताई तुम्हाला नापास करायला आलेल्या नसतात. रात्री-अपरात्री तुम्हालाच बोलायची गरज वाटली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

तज्ज्ञाला विचारा: तुम्ही मुलाबरोबर आम्हालाही बसवता का? मुलाला एकटं आत नेऊन तासाभराने 'बरं' करून बाहेर आणणारी थेरपी इथे फारशी उपयोगाची नाही, कारण दुरुस्त करायचं असतं ते दोघांमधलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारायला संकोच नको. लळ्याच्या आजारांवर थेट असं औषध नाही. सोबत झोपेचा किंवा तीव्र चिंतेचा त्रास असेल तर डॉक्टर त्यासाठी देतील. आणि मुलाला जबरदस्तीने दाबून, गुंडाळून, रडवून 'माया जागवतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये २००० साली असल्या प्रकारात दहा वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून गेली.

उशीर झाला का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. रोमानियात बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या १३६ लहान मुलांवर मोठा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवलं. जी मुलं दोन वर्षांच्या आत घरात गेली त्यांचा लळा जास्त चांगला जुळला. उशिरा गेलेल्यांनाही घराचा फायदा झाला. तेव्हा लवकर बरं, हे खरं, आणि नंतरही उपयोग आहे, हेही खरं. किती महिने लागतील ते मी कुणालाच सांगत नाही.

एक गोष्ट आया दार लावून सांगतात: "मॅडम, मलाच त्याचा लळा लागत नाहीये." सांगताना मान खाली. अहो, जे मूल हात झटकतं, बघून हसत नाही, सगळ्यांसमोर दुसऱ्याला आई म्हणतं, त्याच्याबद्दल माया दाटून कशी येईल? वागणं आधी येतं, माया मागून. आठवड्यातून दोन तास कुणाच्या तरी भरवशावर मूल सोपवा, पर्वतीवर एकट्या चढून या, बहिणीशी भांडा, झोपा. आणि तुमच्या स्वतःच्या लहानपणात कुणी असंच कोंडून ठेवलं असेल, तर ते कुणाशी तरी बोला. रडणाऱ्या मुलाचा आवाज आपल्याला नेमका कुठे टोचतो, ते त्यातून कळतं.

सुधारणा ओळखताना

ती बऱ्याचदा बिघाडासारखी दिसते. घसरगुंडीवरून पडलेल्या त्या मुलीच्या बाबांचा पुढच्या जूनमध्ये मला घाबराघुबरा फोन आला. "मॅडम, गेल्या वर्षी इतकी छान जायची, आता फाटकाशी लोळण घेते. रोज. माझ्या पायाला मिठी मारून बसते. काही बिघडलं का?"

मी म्हटलं, पेढे आणा.

मग काय करायचं ते ठरवलं. तिला ओढून आत न्यायचं नाही आणि घरीही परत न्यायचं नाही. बाबांनी ऑफिसला सांगून आठ दिवस अर्धा तास उशिरा जायचं. पहिले तीन दिवस फाटकाच्या आत बाकावर बसायचं, मग फाटकाबाहेर, मग निरोप घेऊन निघायचं. जाताना त्यांचं बंद पडलेलं जुनं घड्याळ तिच्या मनगटावर बांधायचं आणि घ्यायला आल्यावर परत घ्यायचं. सहाव्या दिवशी ती रडतच ताईंच्या कडेवर गेली. घड्याळ तिच्या हाताला फार सैल होतं, म्हणून ताईंनी पट्ट्याला सुईने आणखी एक भोक पाडलं.